मदत हवी आहे: पाण्याशिवाय जीवसृष्टी, तेलातला प्रयोग अडलाय

खानापूर तालुक्यातल्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी नववीच्या मुलांचा प्रयोग आहे. तक्ते मराठी-कन्नड दोन्हीत. प्रश्न : परग्रहावरच्या जीवांना पाणीच लागेल, की कुठलाही द्रव चालेल?

चार बाटल्या. प्रत्येकीत 3 ग्रॅम सुकं यीस्ट, 10 ग्रॅम साखर, तोंडाला फुगा (यीस्ट साखर खाऊन वायू सोडतं, तो फुग्यात भरतो). पहिलीत 200 मिली कोमट पाणी : फुगा अर्ध्या तासात उभा. दुसरीत 20 ग्रॅम मीठ जास्त : फुगा रेंगाळतो. तिसरीत 60 ग्रॅम : पाणी भरपूर, पण मिठानं धरून ठेवलेलं, यीस्टला मिळत नाही. ही बाटली मला सगळ्यात मोलाची वाटते.

अडलंय चौथीत. 200 मिली शेंगतेलात फुगा हलत नाही, पण साखर तेलात विरघळतच नाही, दाणे आणि यीस्ट तळाशी तसेच दिसतात. शिवाय यीस्ट पाण्यातच घडलेला जीव. यावरून शनीच्या टायटन चंद्राबद्दल (उणे 179 अंश, द्रव मिथेनची तळी) काहीच सिद्ध होत नाही. तिथे पेशीचं आवरण ॲक्रिलोनायट्राइल या छोट्या सेंद्रिय रेणूचं असू शकेल, असं 2015 मध्ये संगणकी गणितातून मांडलं गेलं. 2017 मध्ये तो रेणू टायटनच्या हवेत सापडलाही. म्हणून पाण्याऐवजी तेलातही रेणू आपोआप जुळून आवरणासारखी रचना होऊ शकते का, हे दाखवायचं आहे. हळद घालून पाहिली. रंग उतरतो, रचना होत नाही.

रॉकेल, अमोनिया, द्रव नायट्रोजनला परवानगी नाही. साधा शाळेचा सूक्ष्मदर्शक आहे.

सोया लेसिथिन (सोयाबीनमधला, तेल आणि पाणी एकत्र धरणारा पदार्थ) 100 मिली तेलात किती ग्रॅम, किती गरम करून घालावं, आणि थेंबभर पाणी न घालता काही डोळ्यांना दिसेल का?