हातात पाना घेतला तेव्हा : कोकणातल्या नवशिक्या गाडीवाल्यांचे अनुभव

गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीपासून गॅरेज एकोणीस किलोमीटरवर आहे, आणि भर श्रावणात तिथल्या मेस्त्रींना बोलावून आणायचे म्हणजे त्यांचा अर्धा दिवस आणि आपली सगळी पुण्याई खर्ची पडते. तीन वर्षांपूर्वी, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, मी पहिल्यांदा रिंग पाना हातात घेतला तो या अडचणीपोटी; हौस मागाहून आली. ज्यांनी असेच उशिरा, चुकतमाकत शिकायला सुरुवात केली, त्यांनी आपले अनुभव इथे सविस्तर लिहावेत, अशी विनंती आहे. पहिली चूक, खाऱ्या वाऱ्याने आणि पावसाने दिलेली दुखणी, आणि कोणत्या कामाला आपण हात लावायचा नाही हे केव्हा उमगले, याबद्दल विशेष वाचायला आवडेल.

सुरुवात माझ्यापासून करतो. गाडी दीड महिना शेडमध्ये उभी होती. बॉनेट उघडले तर बॅटरीच्या टर्मिनलवर निळसर-पांढरा थर बुरशीसारखा फुलून आला होता. मी उत्साहाने आधी लाल वायरच्या, म्हणजे धन टर्मिनलच्या नटाला पाना लावला, त्याचे दुसरे टोक गाडीच्या पत्र्याला टेकले आणि डोळ्यांसमोर अशी ठिणगी उडाली की पाना हातातून सुटला. त्या पान्यावर तांदळाच्या दाण्याएवढी खाच अजून आहे. गाडीचा सगळा पत्रा ऋण टर्मिनलला जोडलेला असतो, हे मला त्या दिवशी कळले. तेव्हापासून आधी काळी वायर सोडवायची आणि जोडताना ती सर्वांत शेवटी जोडायची, हा क्रम मी मोडलेला नाही. थर काढायला कोमट पाण्यात खायचा सोडा आणि जुना दात घासायचा ब्रश पुरतो. नंतर कोरडे पुसून वरून पेट्रोलियम जेली लावावी.

दुसरी खरेदी मल्टिमीटरची, म्हणजे व्होल्ट मोजायच्या यंत्राची केली. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी गाडी बंद असताना साधारण 12.6 व्होल्ट दाखवते, 12 च्या आसपास आली की ती बरीच उतरलेली असते, आणि इंजिन चालू केल्यावर आकडा साधारण 13.8 ते 14.4 च्या दरम्यान यायला हवा. तो चढलाच नाही, तर नवी बॅटरी आणूनही उपयोग होत नाही, कारण दुखणे बहुधा अल्टरनेटरकडे, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राकडे असते.

मालवणहून :
माझे शिक्षण पंक्चरपासून सुरू झाले आणि अजून तिथेच रेंगाळले आहे, असे घरचे म्हणतात. गाडी आधी जॅकवर उचलून मग नट सोडवू लागलो, तर चाक नटाबरोबर गरगर फिरू लागले. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करून घ्यायचे असतात. दुसऱ्या वेळी नट निघाले, पण चाक निघेना, कारण समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या माणसाची रिम हबला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागाला, गंजाने चिकटून बसते. शेवटी नट दोन आटे सैल ठेवून गाडी जॅकवरून खाली उतरवली आणि हातभर मागेपुढे ढकलली, तेव्हा खट्ट आवाज होऊन चाक सुटले. आता बसवण्याआधी हबवरचा गंज तारेच्या ब्रशने खरवडतो आणि नट समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळतो. जॅकवर भरवसा नको म्हणून मी पत्र्याखाली जांभ्याचा एक चिराही लावून ठेवतो.

चिपळूणहून :
वरच्या मालवणकर मित्रांना कळकळीची विनंती, तो चिरा आजच काढून टाकावा. जांभा भिंतीत शंभर वर्षे टिकतो, पण एका कोपऱ्यावर गाडीचा भार आला की तो काहीही न सांगता दुभंगू शकतो, आणि पावसात भिजलेला असेल तर अधिकच. गाडीखाली शिरायचे असेल तर लोखंडी स्टँडच हवेत. जॅक मऊ मातीत रुतू नये म्हणून खाली जाड फळी घालावी.

माझा अनुभव 22 जुलै 2021 चा. वाशिष्ठी नदीचे पाणी माझ्या गाडीच्या सीटपर्यंत चढले होते. पाणी ओसरल्यावर शेजाऱ्यांनी आपली गाडी ‘फक्त बघू या’ म्हणून चालू केली आणि इंजिन एका धडाक्यात अडकले. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी हवेसारखे दाबले जात नाही, त्यामुळे पिस्टनचा दांडा वाकतो. मी किल्लीला हात लावला नाही, त्याचे श्रेय शहाणपणाला देण्यात अर्थ नाही, किल्ली चिखलात सापडतच नव्हती. मी बॅटरीची ऋण वायर सोडवली, गालिचे उपसून काढले, दारांच्या तळाशी पाणी जायची भोके असतात ती काडीने मोकळी केली आणि डिपस्टिक, म्हणजे इंजिनातले तेल बघायची पट्टी, काढून पाहिली. तेल दुधाच्या चहासारखे दिसत होते, म्हणजे त्यात पाणी मिसळलेले होते. तिथे माझे काम संपले आणि गाडी ओढून गॅरेजला नेली.

देवगडहून :
थोडक्यात लिहिते. जूनमध्ये हँडब्रेक ओढून गाडी ठेवली आणि मुंबईला गेले. गणपतीला आले तेव्हा मागची चाके जागची हलेनात. दमट हवेने ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटले होते. आता गाडी सपाट खळ्यात गिअरमध्ये ठेवते, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावते आणि हँडब्रेक सोडून ठेवते. ब्रेक उघडण्याच्या भानगडीत मात्र मी पडले नाही आणि पडणारही नाही.

रत्नागिरीहून :
आमच्याकडे मोबाइल चार्जिंगचा सॉकेट आणि हॉर्न एकदम बंद पडले. फ्यूजच्या पेटीच्या झाकणावर नकाशा असतो, हे वयाच्या चाळिशीत समजले. लाल फ्यूज 10 अँपिअरचा, निळा 15 चा, पिवळा 20 चा. निळा जळला होता आणि घरात पिवळा होता. तो बसवण्याचा मोह झाला, पण जाड फ्यूज तग धरतो तेव्हा त्याच्या जागी वायर तापते, असे भाच्याने फोनवर बजावले. नवा निळाही लगेच उडाला. मग शोधता शोधता बॉनेटखाली उंदराने कुरतडलेली वायर आणि तिच्याशेजारी नारळाच्या सोडणांचे नीटनेटके घरटे सापडले. वायर मेस्त्रींनी जोडली. घरटे मी काढले.

सावंतवाडीहून :
आंबोली घाट चढताना तापमानाचा काटा वर गेला, तेव्हा सोबतचे काका म्हणाले, ‘झाकण उघडून पाणी घाल.’ मी ऐकले नाही. गरम रेडिएटर दाबाखाली असतो आणि झाकण उघडताच उकळते पाणी अंगावर येते. पाऊण तास धबधबा बघत बसलो, इंजिन पूर्ण निवल्यावर टाकी पाहिली, तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी, खालच्या रेषेच्याही खाली गेले होते.

पुन्हा मालवणहून :
चिपळूणच्या सूचनेबद्दल आभारी आहे. वडिलांना वाचून दाखवली, तर ते म्हणाले, ‘चिरो जांभ्याचो आसा, लोखंडाचो नाय, ह्या मी तुका कधीच सांगतंय.’ काल कुडाळहून दोन स्टँड आणले, आणि जॅकखाली घालायला फणसाची जुनी फळी घरातच मिळाली. तो चिरा आता देवगडच्या ताईंच्या पद्धतीने मागच्या चाकाला लावून ठेवला आहे.