न्यू जर्सीत पिस्तूल बाळगताय? मग पोकळ गोळीऐवजी काय?

एडिसनकर:
रात्री अकराला दुकान बंद करून रोकड घेऊन घरी जातो. जून 2022 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ब्रुएन खटल्याचा निकाल दिला, त्यानंतर इथे सामान्य माणसालाही पिस्तूल जवळ बाळगायचा परवाना मिळू लागला. मीही काढला. आता प्रश्न गोळीचा.

न्यू जर्सीच्या कायद्यात 'हॉलो नोज किंवा डमडम' गोळीला, म्हणजे टोकाला खळगा असलेल्या पोकळ गोळीला (हॉलो पॉइंटला) बंदी आहे. डमडम म्हणजे कोलकात्याजवळचं दमदम. तिथल्या इंग्रजांच्या कारखान्यात 1890 च्या दशकात अंगात शिरल्यावर फुलणारी गोळी बनली आणि 1899 च्या हेग परिषदेने ती युद्धातून बाद केली. इथे ती घरात किंवा स्वतःच्या जागेत ठेवता येते, पण कमरेला लावून रस्त्यावर आलात की गुन्हा. दीड वर्षापर्यंत कैद.

मला ही बंदी उफराटी वाटते. पूर्ण कवचाची साधी गोळी माणसाच्या आरपार जाऊन मागच्या निरपराधाला लागू शकते. पोकळ गोळी फुलते आणि बहुतेक वेळा अंगातच थांबते. म्हणून मी हॉर्नाडी कंपनीची 'क्रिटिकल डिफेन्स' गोळी घेतली. हिच्या टोकाच्या खळग्यात लाल, रबरासारखं पॉलिमर भरलेलं असतं. खळगा उघडा नसल्याने राज्य पोलीस तिला हॉलो पॉइंट धरत नाहीत, तसं त्यांनी जाहीरच केलंय. शिवाय थंडीतल्या जाड जॅकेटचं कापड खळग्यात अडकून गोळी न फुलण्याचा धोकाही कमी होतो. सगळ्यांनी हीच घ्यावी असं माझं मत.

रेंजवरचा:
काका, 'अंगातच थांबते' यावर विसंबू नका. 1986 मध्ये मायामीच्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले. गोळी पुरेशी आत पोचली नाही, हा त्यातून घेतलेला मोठा धडा. तेव्हापासून त्यांची कसोटी आहे: मांसाऐवजी चाचणीला वापरतात त्या जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी 12 ते 18 इंच आत जायला हवी. एवढी ताकद असलेली गोळी नेम चुकला तर कुठे जाईल? ती कोणाच्या अंगात फुलणार नाही, सरळ पुढे जाईल. आणि प्रशिक्षित पोलिसांचेही नेम चुकतात. मी स्वतः खाचांची भरीव तांब्याची गोळी वापरतो. तिला फुलावंच लागत नाही, त्यामुळे कापडाचा प्रश्न मिटतो. पण खरं सांगू? गोळी बदलण्याआधी महिन्यातून दोनदा नेमबाजीच्या रेंजवर या.

दोन मुलांची आई:
तुम्ही दोघं गोळीबद्दल बोलताय, मी भिंतीबद्दल बोलते. इथली घरं लाकडाच्या सांगाड्यावर अर्ध्या इंचाचा ड्रायवॉल ठोकून उभी केलेली असतात. गावच्या वाड्याची दगडी भिंत नाही ही. आमच्या बेडरूमच्या भिंतीपलीकडे मुलीची खाट आहे. पॉलिमर असो की तांबं, स्वसंरक्षणाची कुठलीही गोळी अशा दोन-तीन भिंती सहज पार करते. मी पेपर जेल ठेवते, म्हणजे हल्लेखोराच्या तोंडावर मारायचा तिखट, घट्ट द्रव. इथे खिशात मावेल एवढी, पाऊण औंसापर्यंतची डबी सज्ञान माणसाला बाळगता येते. सरावासाठी निव्वळ पाण्याची डबी मिळते, ती मी अंगणात वापरून पाहिली. आधी माझ्याकडे साधा स्प्रे होता, त्याचा फवारा वाऱ्याने माझ्याच तोंडावर आला होता. जेलची धार मात्र सरळ गेली.

एडिसनकर:
ताई, समोरच्याच्या हातात बंदूक असेल तर ती धार काय कामाची? मागच्या हिवाळ्यात गल्ल्यासमोर एकाने माझ्या पोटाला चाकू लावला होता. तेव्हा माझे हात उचललेच गेले नाहीत. ते पुन्हा नको.

दोन मुलांची आई:
वाचून वाईट वाटलं, दादा. पण पोटाला चाकू लागलेला असताना पिस्तूल तरी काढता आलं असतं का? त्या वेळी गल्ला उघडून दिलात आणि आज इथे लिहिताय, मला तेच बरोबर वाटतं.

रेंजवरचा:
ताईंचं भिंतीबद्दलचं बरोबर आहे. चुरा होणाऱ्या गोळ्याही मिळतात, ग्लेझरची त्यातलीच. पण ती आत फार कमी जाते. जी भिंतीत कमी जाईल, ती माणसालाही कमी अडवेल. दोन्ही एकदम कुठलीच कंपनी देत नाही. काका, तुमच्या घरी कुठल्या भिंतीपलीकडे कोण झोपतं, तेवढं आज रात्री बघून ठेवा.