फुटबॉलच्या आफ्रिका कपच्या टीमा बघालोय, निम्मी पोरं फ्रान्स-हॉलंडात जन्मलेली कशी?

मंगळवारपेठ_विंगर
नमस्कार मंडळी. आम्ही तालमीतल्या बारक्या पोरांना घेऊन आफ्रिका कपच्या जुन्या टीमा वहीत उतरून काढालोय, म्हणजे कुठल्या देशानं कोण कोण नेलं, कुठल्या क्लबचा, जन्म कुठला, असं सगळं. पोरांना सालाह, माने, हकिमी तोंडपाठ, पण यादीत जरा खाली गेलं की सगळ्यांचीच गाडी अडते. पहिलं म्हणजे आकडा. कुठं २३, कुठं २७, कुठं २८, ह्याला काय नियम हाय का नाही? दुसरं, मोरोक्कोचा हकिमी माद्रिदमध्ये जन्मलेला, झियेश हॉलंडमध्ये, गोलकीपर बोनो तर कॅनडात. एक पोरगं म्हणालं "मग ही टीम मोरोक्कोची कशी?" त्याला पटंल असं कुणीतरी सांगा. आणि तिसरं, चान म्हणून एक वेगळी स्पर्धा दिसते, त्यात ह्यातलं एकपण नाव नाही, ते काय प्रकरण हाय?

जुना_गोलकीपर
आकड्याचं सोपं हाय भावा. आधीच्या काही स्पर्धांत २३ च असायचे. कॅमेरूनची स्पर्धा २०२२ च्या जानेवारीत झाली तेव्हा कोविड चालू होता म्हणून २८ पर्यंत मुभा दिली, मग आयव्हरी कोस्टला २०२४ मध्ये २७, आणि मोरोक्कोला परत २८.

पण पोरांना नुसता आकडा सांगू नकोस, कोमोरोसची गोष्ट सांग. एवढुसा बेटांचा देश, पहिल्यांदाच स्पर्धेत आलेला, आणि गटात घानासारख्या टीमला ३-२ नं हरवून घरी पाठवलं. आता पुढची मॅच कॅमेरूनशी, त्यांच्याच गावात, याउंदेला. आणि गोलकीपरच नाही! यादीत तीन होते, एक घानाच्या मॅचमध्ये खांद्याला लागून बसला, दोघं कोविडमध्ये अडकले. नियम असा की अकरा जण धड असले की मॅच खेळायचीच, गोलकीपर असो नसो. मग शाकेर अलहादुर ह्या लेफ्टबॅकला उभं केलं. गोलकीपरच्या जर्सीवर त्याचा नंबर नव्हता, तर पाठीवर चिकटपट्टी लावून ३ आकडा काढला, फोटो बघा, पट्टी स्पष्ट दिसते. सातव्या मिनिटाला कॅप्टनला रेड कार्ड, म्हणजे दहा जण आणि गोलात लेफ्टबॅक, तरी कॅमेरूनला २-१ नंच जिंकता आलं आणि त्या पोरानं जवळनं मारलेले बॉल असे अडवले की मी टीव्हीसमोर उभा राहून ओरडालो होतो. शेवटाकडं कोमोरोसच्या म्चांगामानं लांबनं फ्रीकिकवर जो गोल मारला तो तर शोधून बघाच.

म्हणून म्हणतो, यादीत जो तिसरा गोलकीपर असतो, ज्याचं नाव कुणी वाचत नाही, ते नाव पोरांकडनं पहिलं वाचून घे. मी स्वतः गोलात उभा राहिलेलो हाय, त्या बाकावर बसायचं म्हणजे काय ते मला ठाऊक हाय.

रंकाळा_मिडफिल्ड
दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो. अल्जेरिया, मोरोक्को, सेनेगल, माली, कोमोरोस, ह्या सगळ्या देशांवर एकेकाळी फ्रान्सचं राज्य होतं, मोरोक्कोच्या काही भागावर स्पेनचंपण. तिथली माणसं पोटासाठी फ्रान्सला गेली, काही हॉलंड-बेल्जियमच्या कारखान्यांत, खाणीत गेली, पोरं तिकडंच जन्मली, तिकडच्याच अकॅडमीत तयार झाली. घरात आई-आजीची भाषा, सुट्टीत गाव, पासपोर्ट दोन. त्यामुळं कुठल्या देशाकडनं खेळायचं ते पोरगं ठरवतं. कतारच्या वर्ल्ड कपमध्ये मोरोक्कोच्या २६ मधली १४ पोरं बाहेर जन्मलेली, आणि तीच टीम सेमीफायनलला गेली, असं करणारा आफ्रिकेतला पहिला देश! मॅच संपल्यावर हकिमी स्टँडमध्ये आईकडं पळत गेला ते सगळ्यांनी बघितलं असंल, त्या पोराला जन्मदाखला दाखवून "तू आमचा नाहीस" कोण म्हणणार सांगा.

नियम पण हाय. पूर्वी एका देशाच्या सीनियर टीमकडनं अधिकृत मॅच खेळला की शिक्का बसला, मग आयुष्यभर तिथंच. मुनीर एल हद्दादी स्पेनकडनं २०१४ ला जेमतेम काही मिनिटं खेळला आणि तेवढ्यानं वर्षानुवर्षं अडकला. २०२० ला फिफानं नियम सैल केला, २१ वर्षांच्या आत जास्तीत जास्त तीन अधिकृत मॅच खेळला असंल आणि मधी तीन वर्षं गेली असतील तर बदलता येतं, तेव्हा २०२१ मध्ये तो मोरोक्कोकडनं उतरला. मधल्या वर्षांत एक वर्ल्ड कप गेला त्याचा, मला त्याचं फार वाईट वाटतं.

एकाच घरातली दोन पोरं दोन देशांकडनंपण खेळत्यात. इनाकी विल्यम्स घानाकडनं, निको स्पेनकडनं. बोआटेंग बंधू तर २०१० आणि २०१४ च्या वर्ल्ड कपमध्ये जर्मनी-घाना मॅचला समोरासमोर होते. आपल्याकडं हे होत नाही कारण भारताला दुहेरी नागरिकत्व चालतच नाही. इझुमी अराताला भारताकडनं खेळण्यासाठी जपानचा पासपोर्ट सोडावा लागला होता.

शाहू_स्टेडियम_गॅलरी
वरचं सगळं मान्य, पण मला दुसरी बाजू मांडायची हाय. अक्रा, बामाको, किन्शासा असल्या आफ्रिकेतल्या शहरांत रोज मातीत खेळणाऱ्या पोरानं काय करायचं? पॅरिसच्या अकॅडमीतनं आलेल्यानं त्याची जागा घेतली की त्याच्या वाट्याला काय राहिलं? आपल्या पेठांत बाहेरनं खेळाडू आणला की "पेठेतली पोरं बसवून ठेवली" म्हणून जी चर्चा रंगते तीच चर्चा तिकडं देशभर चालते, आणि मला त्यात खोटं काही वाटत नाही.

हा वाद आजचा नाही. १९६५ ला आफ्रिका कपमध्ये नियमच केला होता की परदेशात खेळणारे एका टीममध्ये दोनच, आणि तो १९८२ पर्यंत टिकला. चान त्याच विचारातनं आलं, २००९ पासनं. तिथं फक्त आपल्याच देशाच्या लीगमध्ये खेळणारी पोरं चालतात, म्हणून तुला सालाह-हकिमी दिसत नाहीत. पहिलं चान डीआर काँगोनं जिंकलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केनिया, टांझानिया, युगांडाला झालं तेव्हा मोरोक्कोनं फायनलला मादागास्करला ३-२ हरवलं, तिसऱ्यांदा कप नेला. म्हणजे मोरोक्कोकडं घरचा मालपण तेवढाच दमदार हाय, नुसत्या युरोपवर चाललेलं नाही. मादागास्करची घरची पोरं फायनलला पोचली ह्याचं मला जास्त कौतुक.

मंगळवारपेठ_विंगर
लई भारी माहिती दिलीत सगळ्यांनी. वहीत आता क्लबचा देश असा एक रकाना वाढवतो, म्हणजे घरच्या लीगचे किती ते पोरांना स्वतः मोजता येईल. अजून एक विचारतो, दुखापत झालेला खेळाडू यादीत ठेवत्यात ते कशाला? जागा फुकट जात नाही का?

जुना_गोलकीपर
आयव्हरी कोस्ट २०२४ काढ. हालेर आणि आदिंग्रा दोघंही दुखापत घेऊन आले, गटात टीम इक्वेटोरियल गिनीकडनं ०-४ हरली, कोच गेला, एमर्स फाए आला, कशीबशी गटात तिसऱ्या आलेल्या टीमांमधनं पुढं सरकली. तोवर ही दोघं बरी झाली. फायनलला नायजेरियाविरुद्ध आदिंग्रानं दोन्ही गोलांना पास दिले, विजयाचा गोल हालेरनं मारला, २-१. आणि हा हालेर त्याच्या आधी कॅन्सरच्या उपचारातनं उठून आलेला. ती दोन नावं कोचनं आधीच खोडली असती तर?

शाहू_स्टेडियम_गॅलरी
आणि पोरांना १९५७ पण सांग. पहिली स्पर्धा, सुदानला, खेळले तीनच देश, इजिप्त, सुदान, इथिओपिया. चौथा दक्षिण आफ्रिका होता, पण गोरे-काळे मिळून एक टीम पाठवायला त्यांचा नकार, त्यामुळं बाहेर. ते थेट १९९६ ला आत आले, तेपण यजमान म्हणून, आणि ट्युनिशियाला २-० हरवून कप घेतला, दोन्ही गोल मार्क विल्यम्सचे. ती १९९६ ची यादी अख्खी उतरून घे, आणि पोरांना एकेक नाव मोठ्यानं वाचायला लाव.