अर्ध्या तासाच्या सादरीकरणासाठी विमान कशाला?

दुर्बीण:
आमच्या प्रकल्पातली माणसं चार खंडांत विखुरलेली. वर्षातून एकदा सगळे एका जागी जमतात. यंदा ऑनलाइन करू म्हटलं, तर निम्म्यांची तोंडं वाकडी. म्हणून इथे विचारतोय. २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला अमेरिकन जिओफिजिकल युनियन या पृथ्वी आणि अवकाश अभ्यासणाऱ्या संशोधकांच्या संघटनेचं अधिवेशन झालं. सुमारे २८ हजार लोक आले आणि नुसत्या येण्याजाण्यातून ८० हजार टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत गेला. माणशी जवळपास ३ टन! त्यांत हवामानबदलाचे अभ्यासकही होते. तासभराच्या व्हिडिओ कॉलचा हिशेब ग्रॅममध्ये होतो.

पायपीट:
आकडे बरोबर, निष्कर्ष घाईचा. आपण गेलो नाही तरी ते विमान उडणारच. शिवाय जगाच्या एकूण कार्बन उत्सर्जनात विमानांचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास. आमचं तीन महिने ईमेलमध्ये अडकलेलं काम चहाच्या रांगेत दहा मिनिटांत सुटलं, कागदी रुमालावर आकृती काढून. तेच आधी ऑनलाइन बोर्डावर करायला गेलो होतो, तर निम्मा वेळ 'माझा कर्सर दिसतोय का' यातच गेला.

दुर्बीण:
'विमान उडणारच' हे एकट्यापुरतं खरं. रिकाम्या खुर्च्या घेऊन कंपनी किती दिवस फेरी चालवेल? आणि ते अडीच टक्के मूठभरांचे आहेत. २०१८ साली जगातल्या जेमतेम ११ टक्के लोकांनी विमानप्रवास केला, असा अंदाज आहे.

उंबरठा:
ऑनलाइनवाल्यांनी घड्याळाचाही हिशेब द्यावा. मागच्या बैठकीची वेळ म्हणे 'सगळ्यांच्या सोयीची'. माझ्याकडे रात्रीचे दोन. शेजारी बाळ झोपलेलं, म्हणून माइक बंद ठेवून चॅटमध्ये मुद्दा लिहिला. कुणी वाचलाच नाही. तरी मी ऑनलाइनच्याच बाजूने, कारण त्याआधी दोन वर्षं मला व्हिसाच मिळाला नव्हता.

पायपीट:
व्हिसाचं माझ्या डोक्यातच आलं नाही, मान्य. पण नव्या माणसाचं काय? आपण जुने लोक स्क्रीनवरही भांडू शकतो. नवखा कॅमेरा बंद करून बसतो आणि तसाच निघून जातो.

दुर्बीण:
म्हणून सगळंच ऑनलाइन नको. त्याच अधिवेशनात ८ हजार किलोमीटरपेक्षा लांबून आलेले एक तृतीयांशाहून थोडेच जास्त होते, पण तीन चतुर्थांश उत्सर्जन त्यांच्या प्रवासाचं. खरा भार या लांबच्या उड्डाणांचाच. तीन ठिकाणी जमू, शक्यतो रेल्वेने जाता येईल अशा, आणि ती ठिकाणं व्हिडिओने जोडू. नवखे जवळच्या ठिकाणी येतील.

उंबरठा:
चालेल. पण तीन ठिकाणं केली तरी कुणाच्या तरी घड्याळात दोन वाजणारच. पाळी लावा. पहिली पाळी 'पायपीट' यांची.

पायपीट:
लावा. मी रुमाल घेऊन बसतो, कॅमेऱ्यासमोर धरायला.