-११ नंबर, कॉर्निया ५०५ : लॅसिकला नकार, आता काय?

सातरस्ता_सोलापूर : वय २४. उजवा -११, डावा -१०.५, दोन्हीला सिलिंडर -१.५. दोन वर्षं नंबर हललेला नाही. कॉर्नियाचा (डोळ्याच्या पुढचा पारदर्शक थर) आकार नॉर्मल, जाडी ५०५ मायक्रॉन. काम यंत्रमागावर, तंतू उडतात म्हणून कॉन्टॅक्ट लेन्स जमत नाहीत. डॉक्टर म्हणतात लॅसिक (लेसरने कॉर्निया तासून नंबर घालवणं) नको, आयसीएल (डोळ्याच्या आत बसवायची लेन्स) करा. लॅसिक तर बरंच स्वस्त आहे, मग का नको?

ऑप्टोम_नवीपेठ : हिशेब करून बघा की. लेसर एका नंबरला साधारण १२ ते १५ मायक्रॉन कॉर्निया खातो. १३ धरले तरी ११ नंबरचे १४३, वर फ्लॅपचे (लेसरआधी उचलतात तो वरचा पापुद्रा) ११०. म्हणजे २५३ गेले, खाली उरले २५२. २५० ही अगदी शेवटची रेघ, बरेच सर्जन ३०० मागतात. निम्मी जाडी गेली की कॉर्निया पुढे फुगू शकतो (एक्टेशिया), आणि ते झालं की पैसे वाचल्याचं काही कौतुक राहत नाही. शिवाय सिलिंडर यात मोजलेलाच नाही.

फेको_फेलो : सहमत. आयसीएलमध्ये कॉर्निया तासत नाहीत. बुबुळाच्या मागे, नैसर्गिक भिंगाच्या पुढे लेन्स बसते. तुम्हाला टोरिक (सिलिंडरही घालवणारी) लागेल. आधी दोन आकडे विचारा: पुढच्या कप्प्याची खोली (२.८ मिमीपेक्षा कमी नको) आणि एंडोथेलियल पेशींची (कॉर्नियाच्या सर्वांत आतल्या थरातल्या) संख्या. खरी गोम मापात आहे. लेन्स आखूड निघाली तर नैसर्गिक भिंगाला टेकून मोतीबिंदू, टोरिक असल्यास फिरण्याचीही भीती. मोठी निघाली तर डोळ्यातलं पाणी निचरण्याचा कोन बंद होऊन डोळ्याचं प्रेशर वाढतं. लेन्स आणि नैसर्गिक भिंग यांमधली फट २५० ते ७५० मायक्रॉन हवी. ऑपरेशन पुण्यात केलंत तर त्याच रात्री बस धरू नका. पहिल्या काही तासांत प्रेशर चढू शकतं. डोळा ठणकतोय, डोकं दुखतंय, उलटी होतेय तर लगेच दवाखाना. टाके नसतात, म्हणून डोळा चोळणं बंद. मागावर कधी जायचं ते सर्जनला विचारूनच, तेही गॉगल लावून.

पडदातज्ज्ञ : त्याआधी बाहुली मोठी करून पडद्याचा (रेटिना) कडेपर्यंतचा भाग तपासून घ्या. लॅटिस (पडद्याचा विरळ झालेला भाग) किंवा छिद्र सापडलं आणि लेसरचं कुंपण घालावं लागलं, तर ते घट्ट धरायला दोन आठवडे तरी लागतात, आयसीएल त्यानंतर. आणि नंबर गेला तरी लांबलेला डोळा लांबच राहतो. पडदा सुटण्याची जोखीम ऑपरेशनने कमी होत नाही, दरवर्षी तपासणी हवीच. विजेसारख्या चमका, अचानक काळे ठिपके, कडेने पडदा सरकल्यासारखं: त्याच दिवशी डॉक्टर गाठा. नैसर्गिक भिंगच काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर या वयात नको. पडद्याचा धोका वाढतो, जवळचं वाचायला चष्मा लागतो तो वेगळाच.

ऑप्टोम_नवीपेठ : तोवर चष्म्यासाठी १.७४ इंडेक्सची काच, लहान गोलसर फ्रेम. काचेची रुंदी ४६-४८ मिमी पुरे. मोठी फ्रेम घेतली तर कडा जाड होणारच, दुकानदार काहीही म्हणो.