भाजी चिरायची लाकडी फळी: कुठलं लाकूड? अनुभव लिहा

प्लास्टिकची फळी शेवटी टाकून दिली. सुरीच्या चरांत काळं बसलं होतं, काही केल्या निघेना. आता लाकडाची घ्यायची आहे, पण ज्याला विचारावं तो आपल्याच घरातल्या फळीचं नाव सांगतो. तेव्हा वापरून, बिघडवून जे कळलं ते इथे लिहा. सुरुवात माझ्यापासून. मी पाइनची घेतली होती. गोरीपान, हलकी. तीन महिन्यांत मधोमध खळगा पडला आणि सफरचंद चिरलं तरी टर्पेंटाइनचा वास येऊ लागला.

*

ताई, तुम्ही मऊ लाकडाने फसलात, मी कठीण लाकडाने. जांका नावाची कसोटी असते. 11.28 मिमी व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो, ते मोजतात. हार्ड मेपलचा आकडा साधारण 1450 पौंड, सागाचा हजाराच्या आसपास, आणि ईपे नावाच्या लाकडाचा जवळपास 3500. मला वाटलं, आकडा मोठा तेवढी फळी चांगली. ईपेचा तुकडा मिळाला, त्याचीच केली. फळीवर ओरखडा नाही, हे खरं. पण सुरीला दर चार दिवसांनी धार लावायची आणि प्रत्येक घावाला फरशीवर आपटल्यासारखा टक् आवाज. सध्या ती कुंडीखाली आहे, मजेत आहे.

*

मेपल. नऊ वर्षं झाली. लिहिण्यासारखं काही घडलेलं नाही.

*

कठीणपणाबरोबर छिद्रंही बघा. रेड ओकचा बोटभर तुकडा घ्या, एक टोक पाण्यात बुडवा आणि दुसऱ्या टोकातून फुंका. बुडबुडे येतात! आत इतक्या मोकळ्या नळ्या. माझ्या पहिल्या फळीत बीटाचा रस असाच शिरला, तो आजतागायत आत आहे. मेपल आणि बीच यांची छिद्रं बारीक आणि सगळीकडे सारखी पसरलेली असतात, त्यामुळे रस वरच राहतो, पुसता येतो.

साग तेलकट, पाण्याला दाद देत नाही. पण त्यात सिलिका असते. रंध्याचं पातं बोथट करतो तो, सुरीला काय सोडणार? तरी माझ्या घरात सागच आहे. आमच्याकडे फळी ओल्या ओट्यावरच पडून राहते, सांगून उपयोग नाही.

*

बांबू? तो गवतच की, लाकूड नव्हे. पट्ट्या चिकटवून फळी करतात. माझीचे जोड वर्षभरात सुटले.

*

माझी फळी लाकडाने नाही, माझ्या हौसेने गेली. ओंडका आडवा कापल्यावर वर्तुळं दिसतात ना, ती बाजू वर ठेवून ठोकळे जोडले. अशा फळीत सुरी तंतू कापत नाही, ब्रशच्या केसांत शिरावी तशी मधून जाते, म्हणून धार टिकते. इथवर उत्तम. मग शोभेसाठी चारी बाजूंनी घट्ट चौकट चिकटवली. लाकूड दमट हवेत तंतूंच्या आडवं फुगतं, लांबीला जवळजवळ नाहीच. माझे ठोकळे दोन्हीकडे फुगले, चौकट होती तेवढीच राहिली. एका रात्री काडकन आवाज आला. सकाळी पाहिलं तर कोपरा उघडलेला, आत नखभर फट.

*

लाकूड कुठलंही घ्या, स्वयंपाकाचं तेल चोळू नका. मी चोळलं. आठ-पंधरा दिवसांत फळीला खवट वास, आणि तो घासून जात नाही. खाण्याच्या वस्तूंना चालणारं मिनरल ऑइल खवट होत नाही. आणि धुतली की उभी करून वाळवा. आडवी ठेवली तर एकाच बाजूने सुकते आणि पापडासारखी वाकते.

*

जंतूंची भीती असेल तर: कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या डीन क्लिव्हर यांनी हे तपासलं होतं. जिवाणू लाकडात आत ओढले जातात, तिथे वाढत नाहीत, हळूहळू मरतात. चरे पडलेलं प्लास्टिक मात्र हाताने धुऊन नीट स्वच्छ होत नाही. मी हे विद्यार्थ्यांना शिकवते, आणि घरी कच्च्या मांसाची फळी तरीही वेगळीच ठेवते.

*

फुकटच्या पॅलेटची (माल ठेवायच्या लाकडी चौकटीची) फळी करणार असाल तर आधी त्यावरचा शिक्का वाचा. एचटी म्हणजे उष्णता दिलेलं, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. मी शिक्का वाचला तो रंधा मारून झाल्यावर, जेव्हा अर्धा ‘एम’ उरला होता.

*

सगळ्यांचे आभार. काल वखारीत गेले, बीचचा तुकडा उचलला आणि टोकाला तोंड लावून फुंकलं. मालक म्हणाले, “बासरी हवी होती का?” हवा गेली नाही. बीच घेतलं.