अनुभव धागा: मुलांची अभ्याससहल तुम्ही कशी आखली?

आमच्या पेठेतल्या युवक मंडळाची आठवी ते दहावीची मुलं दिवाळीनंतर सहलीला न्यायची आहेत. सकाळी सोलापुरातून निघून संध्याकाळी परत. ठिकाणं ठाऊक आहेत. तिथं मुलांकडून काय करून घेतलंत, ते लिहा.

शिक्षिका, जुळे सोलापूर
हत्तरसंग कुडलला न्याच. भीमा-सीनेचा संगम आणि बहुमुखी शिवलिंग सगळे बघतात, आमची मुलं मात्र शिलालेखापाशी रमली. शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा. अर्थ मी आधी सांगितलाच नाही. कागद-पेन्सिल देऊन म्हटलं, ओळखू येईल ते अक्षर उतरवा. एकीला ‘व’ सापडला, मग सगळी तिथंच गोळा झाली. वाचणारा विजयी होईल, असा त्याचा अर्थ शेवटी सांगितला तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. हजार वर्षांपूर्वीचं मराठी आपल्या जिल्ह्यात आहे, हे मुलांना कळायलाच हवं.

पक्षीनिरीक्षक
नान्नजच्या अभयारण्यात नेत असाल तर माळढोक पक्षी दाखवतो असं कबूल करू नका. आता तो फारच थोडा उरलाय. काळविटं बहुतेक दिसतात. मुलांना माळ उजाड वाटतो, तिथूनच बोलणं सुरू करा. माळढोक जमिनीवरच, बहुधा एकच अंडं घालतो. त्याला मोकळं गवत लागतं, त्यामुळे माळावर झाडं लावणं त्याच्या मुळावर येतं. ‘झाडं लावा’ ऐकत वाढलेली मुलं यावर खूप वाद घालतात. घालू द्या! वनखात्याची परवानगी आधी काढा, भडक कपडे नकोत.

एक पालक
जेवण घरूनच. कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा. उन्हात टिकतं आणि हॉटेलात वेळ जात नाही. पाणी मात्र भरपूर घ्या.

मंडळ कार्यकर्ता, पूर्व भाग
गाडी करायचीच कशाला? आम्ही चादरीचा कारखाना दाखवला. नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड यंत्राच्या पुठ्ठ्यावर भोक असेल तर ताण्याचा, म्हणजे उभा धागा उचलला जातो, नसेल तर नाही, आणि त्यातूनच नक्षी उमटते. मागाच्या खडखडाटात काही ऐकू येत नाही, म्हणून हे बाहेर अंगणात समजावून घेतलं. समजावलं आमच्याच गटातल्या विणकराच्या मुलानं, अर्धं तेलुगूत, अर्धं मराठीत. वर्गात तो कधी तोंड उघडत नाही. कारखानदाराला आधी भेटून या, माग चालू असतील तोच दिवस धरा.

माजी एनसीसी छात्र
नळदुर्ग किल्ल्यातला, बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला पाणीमहाल सुचवेन, पण पावसाळ्यातली गर्दी ओसरल्यावर. पायऱ्या निसरड्या असतात, दर दहा मुलांमागे एक मोठं माणूस हवंच.